झुंबरचा निरोप

लहवित,
६ जुलै २००३, रविवार

प्रिय ललित,

तुझं निमंत्रण पोचलं. पत्रिका झकास छापलीस, कागद तर एखाद्या लग्नालाही परवडणार नाही असा. वर मोठ्या अक्षरांत ‘परक्या लढाईत आपले जवान नकोत’, खाली तुझं नाव, आणि त्याखाली चौकटीत मी: ‘श्रीलंकेतील शांतिसेनेचे जखमी वीर सावळीराम पाळदे’. पत्रिका आली तेव्हा मी शेवंतीला पाणी देत होतो. प्रतिभाने ती दारातच उघडली, वाचली आणि मला हाक मारून विचारलं, “अहो, या वेळी लंकेतच गेला होतात ना? मागच्या सभेत कारगिलला होतात, म्हणून विचारते.” बायको आहे, तिला थट्टेचा अधिकार आहे. मी हसलो, पण मग बांधावर बसून ती चौकट किती तरी वेळ बघत राहिलो. पंधरा वर्षांनी माझी लढाई तुला छापावीशी वाटली होती.

आधी एक सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुझा गैरसमज नको. इराकला आपली फौज पाठवू नये हे तुझं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. टीव्हीवर रोज चर्चा चालतात. पाठवा म्हणणारे टाय लावून बोलतात, नको म्हणणारे झब्बे घालून बोलतात, आणि ज्यांना जायचंय ते इथे देवळाली कॅम्पाच्या बाजारात बायकोला घेऊन भाजी निवडत असतात. त्यांना कोणी विचारत नाही. लंकेच्या वेळीही तुझं म्हणणं बरोबरच होतं. तुझं सगळं बरोबर असतं रे, हीच तर माझी अडचण झाली आहे.

आठवतं, कॅम्पातल्या शाळेत आपण एका बाकावर होतो? तोफखान्याचा सराव सुरू झाला की खिडक्यांची तावदानं थरथरायची आणि मास्तर फळ्याकडे तोंड करून आवाज थांबेपर्यंत उभे राहायचे. तू एकदा उठून विचारलंस, सर, या तोफा कोणावर चालतात? मास्तरांनी तुला वर्गाबाहेर काढलं, आणि मी विनाकारण तुझ्याबरोबर बाहेर आलो. तेव्हापासून आपलं असंच चाललं. तू प्रश्न विचारायचास आणि मी बाहेर यायचो. पुढे मी भरती झालो. तुला ते पटलं नव्हतं, तरी देवळाली स्टेशनवर सोडायला आलास आणि खिशातलं पेन काढून माझ्या खिशाला लावलंस. म्हणालास, लिहीत जा, खरं खरं लिही. मी लिहीत गेलो. फौजेत माझ्याइतकी पत्रं कोणी लिहिली नसतील. घरच्यांना खुशाली आणि तुला खरं, अशी वाटणीच करून टाकली होती मी.

सत्त्याऐंशी सालच्या ऑक्टोबरात जाफन्याकडे काय झालं ते तुला त्या शेवटच्या पत्रातून माहीत आहे. पण पुन्हा लिहितो, कारण ते पत्र पुढे माझं राहिलं नाही. आम्ही शांतता राखायला गेलो होतो, म्हणजे तसं आम्हाला सांगितलं होतं. ज्यांच्यासाठी गेलो त्यांच्याशीच लढायची वेळ आली, आणि कोणत्या घरातून पाणी मिळेल आणि कोणत्या घरातून गोळी येईल याचा पत्ता लागेना. त्या दिवशी रस्त्यात सुरुंग फुटला. माझा पाय गुडघ्याखालून गेला. झुंबरच्या पोटाला लागलं. झुंबर माझा पलटणीतला जोडीदार, सटाण्याकडचा, चार वर्षं आमच्या खाटा शेजारी होत्या. आम्ही ताडाच्या झाडांखाली एका चरात पडून होतो आणि मदत यायला तास लागला. तो पूर्ण शुद्धीवर होता. मला म्हणाला, “मायले सांगजो, गडवर लई जासू म्हनेल व्हतू, ऱ्हाई गयं. मनी वाट नको देखू म्हना, तू जाई ये.” आईला सप्तशृंगीच्या गडावर न्यायचं त्याने कबूल केलं होतं. ते राहिलं, तिने आता त्याची वाट न बघता जाऊन यावं, एवढंच. देशाबद्दल तो काही बोलला नाही.

मद्रासच्या इस्पितळात हातात पेन धरता आलं त्या दिवशी मी तुला लिहिलं. दुसऱ्या कोणाला लिहिणार? झुंबरची आई भागीबाई निरक्षर, घरात दुसरं माणूस नाही. टपालाने पत्र गेलं असतं तर गावातल्या कोणीतरी चावडीवर मोठ्याने वाचून दाखवलं असतं, ते मला नको होतं. तुझ्याकडे मोटारसायकल होती. मी लिहिलं, ललित, स्वतः जा, तिच्याजवळ बस आणि तिच्या कानात हे सांग. त्याच पत्रात मी आणखीही बरंच लिहिलं होतं, की इथे आपण कोणाशी आणि कशासाठी लढतोय ते आमच्या साहेबांनाही सांगता येत नाही. खरं खरं लिही म्हणाला होतास ना.

ते पत्र तू नाशिकच्या सभेत वाचून दाखवलंस. नंतर तुझ्या साप्ताहिकात छापलंस, माझ्या नावासकट. पुण्याच्या लष्करी इस्पितळात नवा पाय बसवायला मला आणलं होतं. तिथे साहेबांनी तो अंक माझ्या पुढ्यात टाकला आणि दोनदा उभं करून जाब विचारला. उभं म्हणजे एका पायावर, कुबडी धरून. मी चिडलो होतो. तू भेटायला आलास तेव्हा मी भिंतीकडे तोंड केलं. तू खाटेवर बसून म्हणालास, विरोध लढाईला आहे, सैनिकाला नाही. तुझ्या पत्राने सभा रडली, फौज परत आणा म्हणून शेकडो लोकांनी सह्या केल्या. मी विचारलं, भागीबाईंकडे गेलास का? तू म्हणालास, हो तर. ती ओट्यावर कांदे निवडत बसली होती. निरोप ऐकून रडली, मग तुला बाजरीची भाकरी आणि ठेचा वाढला, आणि म्हणाली, येत्या चैत्रात गडावर जाऊन येते. हे ऐकलं आणि माझा राग गेला. पत्र छापलं तर छापलं, निरोप तर पोचला, असं मी मनाला समजावलं. त्या रात्री पाय गेल्यापासून पहिल्यांदा मला धड झोप लागली.

मग मी घरी आलो. तुला तो काळ चळवळीचा म्हणून आठवत असेल, मला तो गप्प बसण्याचा म्हणून आठवतो. पारावर दोन पक्ष पडले होते. एक म्हणायचा, असल्या लढाईत कशाला गेला, कोणी सांगितलं होतं? दुसरा म्हणायचा, फौजेबद्दल उणं बोलायचं नाही, आणि मी तोंड उघडलं की तोही उठून जायचा, न जाणो मीच काही उणं बोलेन. पहिल्यांना माझा पाय पुरावा म्हणून हवा होता आणि दुसऱ्यांना तो झाकलेला हवा होता. बाकीच्या पलटणी नव्वद साली परतल्या तेव्हाही फारसं कोणी सामोरं गेलं नाही. आमच्या मळ्यात झेंडू इतका माजला होता, पण माझ्यासाठी हार केला तो एकट्या आमच्या बाबांनी, आणि तोही घरात, दार लोटून.

आता नव्व्याण्णव साल. तू तोवर दुसऱ्या पक्षात गेला होतास आणि नगरसेवक झाला होतास, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. कारगिलची लढाई झाली आणि सगळा जिल्हा रस्त्यावर आला. तू आमच्याकडून सत्काराचे सगळे हार मागवलेस. आम्ही दोन दिवस घरादारासकट ओवत बसलो आणि मला खरंच आनंद वाटत होता. मग आदल्या दिवशी तू आलास, म्हणालास, तूही व्यासपीठावर बस. मी विचारलं, कोण म्हणून? तू खांद्यावर हात ठेवलास, म्हणालास, सैनिक म्हणून, आणखी कोण. फक्त उद्या लंका काढू नकोस, लोकांचा मूड जातो. दुसऱ्या दिवशी माईकवर तू म्हणालास, ‘मातृभूमीसाठी पाय गमावून आलेला आमचा सावळीराम’. साल नाही, जागा नाही. तू खोटं बोलला नाहीस, तू कधीच पुरतं खोटं बोलत नाहीस असं मी तेव्हा समजत होतो. टाळ्या थांबेनात. अकरा वर्षं मी त्या टाळ्यांची वाट बघितली होती आणि त्या भलत्याच लढाईसाठी वाजत होत्या. तरी मी हात जोडून उभा राहिलो. माझाही दोष आहेच, तो मी तुझ्यावर ढकलत नाही.

शाल-श्रीफळ झालं आणि खाली उतरताना नवसाबाईंनी माझा हात धरला. मनमाडजवळच्या. नवरा रेल्वेत गँगमन होता, तो वारला, आणि एकुलता एक राज कारगिलला गेला. वीरमाता म्हणून त्यांना पहिल्या रांगेत तूच बसवलं होतंस. त्या मला बाजूला घेऊन गेल्या आणि सांगू लागल्या. राजचा दहावा रामकुंडावर झाला तेव्हा पिंडाला कावळा शिवला नव्हता. दीर म्हणाले, आम्ही तुझ्या आईला सांभाळू. भाऊ म्हणाला, घराचं काम पुरं करू. मित्रांनी काय काय शपथा घेतल्या. कावळे झाडावर बसून राहिले. ऊन कलल्यावर शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि विधी उरकला. “तुम्ही तिथं व्हता,” त्या मला म्हणाल्या, “माझ्या राजच्या मनात काय ऱ्हायलं व्हतं, ते सांगा. मी पुरं करते. लेकरू अडकून पडलंय.” त्यांनी माझा हात दोन्ही हातांनी धरला होता. मी कारगिलला नव्हतो, हे तीन शब्दांचं काम होतं. मला ते जमलं नाही. माझ्या तोंडून निघालं, तो म्हणाला, आईला गडावर न्यायचं राहून गेलं.

ललित, मी नवं काही रचलं नाही. जे माझ्याजवळ होतं ते दिलं. नवसाबाई त्याच आठवड्यात दुखऱ्या गुडघ्यांनी गड चढून आल्या आणि परतीच्या वाटेवर आमच्याकडे प्रसाद घेऊन आल्या, चेहरा असा की मला बघवेना. तेव्हापासून चार वर्षं त्या येतात. शेंगा आणतात, प्रतिभाला मुलगी म्हणतात, आणि दर वेळी राजचा तो निरोप पुन्हा सांगायला लावतात. मी सांगतो. मला त्याची लाज वाटायची, पण एक आधार होता. मी म्हणायचो, झुंबरचा निरोप त्याच्या आईला केव्हाच पोचला आहे, तिचं काम झालं आहे. एका आईचं झालं की दुसऱ्या आईला थोडा उपयोग झाला तर कोणाचं काय बिघडलं? पोचलेला निरोप मी उसना दिला, असं मी समजत होतो.

आणि तुझी पत्रिका आली. त्यात शेवटी ‘वीरमाता नवसाबाई यांची उपस्थिती’. म्हणजे त्या पहिल्या रांगेत बसणार, आणि तू माईकवरून सांगणार की हा सावळीराम सत्त्याऐंशीत लंकेत जखमी झाला आणि त्यानंतर फौजेत नव्हता. त्यांना लिहिता-वाचता येत नसेल, पण राज सत्त्याऐंशी साली शाळेत होता एवढं त्यांना कळतं. तू हा विचार केला नसशील. माझी लढाई झाकताना केला नाहीस आणि उघडी करताना कशाला करशील! मला त्यांना सभेआधी गाठणं भाग होतं. गेल्या बुधवारी मी मनमाडला गेलो आणि त्यांच्या ओसरीवर बसून सगळं सांगितलं. झुंबरचं नाव सांगितलं, तो चर सांगितला.

त्यांनी उठून झाडलेलं अंगण पुन्हा झाडलं. शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. मग झाडू भिंतीला टेकवून म्हणाल्या, “म्हंजी माझ्या राजच्या मनात काय व्हतं, ते कुनालाच ठावं नाय.” मग म्हणाल्या, “ती दुसरी कुठं ऱ्हाती? तिच्या लेकाचा सबूद मी चार वर्सं उराशी धरला. मला तिची माफी मागाया ने.” मी म्हटलं, मावशी, तुमचा काही दोष नाही, आणि त्या बाईंना निरोप तेव्हाच मिळाला आहे, माझा मित्र स्वतः जाऊन आला होता. त्या म्हणाल्या, मग तर जायला सोपंच झालं.

परवा, शुक्रवारी, आम्ही गेलो. सटाण्यात उतरून तिथून रिक्षाने. खेडं लहान आहे, खानदेशातून गडावर पायी जाणाऱ्यांच्या वाटेवरच. भागीबाईंचं घर सगळ्यांना माहीत, कारण चैत्रात त्या दारात रांजण भरून ठेवतात आणि जाणाऱ्या प्रत्येकाला पाणी देतात. आता त्यांची नजर गेली आहे. कमरेतून वाकल्या आहेत, भिंत धरून चालतात. मी झुंबरचा जोडीदार म्हटल्यावर त्यांनी माझं तोंड चाचपून पाहिलं, मग हात खाली नेऊन माझा नकली पाय चाचपला. मी म्हटलं, माय, मी आधीच यायला हवं होतं, पण अठ्ठ्याऐंशीत माझा मित्र येऊन गेला ना, चष्मेवाला, मोटारसायकलवर? तुम्ही त्याला भाकरी वाढली होतीत. त्या म्हणाल्या, “आठे कोनीच उनं नही, भाऊ. फौजना एक सायेब उना, कलश दिधा, गया.” कलश देणाऱ्या साहेबाशिवाय कोणीच आलं नव्हतं. मी पुन्हा विचारलं. ओट्यावर तुम्ही कांदे निवडत होता? त्यांच्या घराला ओटाच नाही, ललित. मग त्यांनीच मला आपल्या मुलाचं विचारलं, आणि त्यांचा आवाज इतका हळू होता की मला पुढे वाकावं लागलं: “मना पोऱ्या काही बोलना व्हता का?”

पंधरा वर्षं झाली. चैत्र आला की गडाची माणसं त्यांच्या दारावरून जात होती आणि शेजारणी म्हणत होत्या, चल. त्या गेल्या नाहीत, एकदाही. कारण मुलगा म्हणाला होता मी नेईन, आणि तो न नेता गेला. आता त्याच्याशिवाय जायचं तर त्याला विचारायला हवं, आणि विचारणार कोणाला? “तो म्हने मी लई जासू. मंग मी एकटी कशी जाऊ?” नजर होती, पाय होते, तेव्हा त्या दारात बसून दुसऱ्यांना पाणी देत राहिल्या. तू जाऊन ये, एवढे तीन शब्द होते ते. मी तुझ्या हातात दिले होते. तू ते शेकडो लोकांना ऐकवलेस आणि ज्या एका बाईचे होते तिला सोडून आलास. सटाणा लांब नव्हतं, तुला सभा जवळ होती. आणि वर ती भाकरी, तो ठेचा! तू मला झोप लागावी म्हणून ते रचलंस असं मी दोन दिवस मनाला सांगून बघितलं. कदाचित खरंही असेल, मीही नवसाबाईंशी तेच केलं. पण मी दुसऱ्या दिवशी विसरलो नव्हतो. मला तुझी चीड आली आहे, फार चीड आली आहे, आणि ज्या माणसाला ती सांगायची सवय आहे तो माणूस तूच आहेस.

मी निरोप सांगितला, त्याच्याच शब्दांत. त्यांनी तो तीनदा म्हणून घेतला. मग नवसाबाई पुढे झाल्या, त्यांचे पाय धरले आणि म्हणाल्या, तुमच्या जागी मी जाऊन आले, बाई. भागीबाईंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. मग विचारलं, “पायऱ्या किती शेतस?” नवसाबाई म्हणाल्या, “लय हायेत. पर जाऊ.”

म्हणून हे पत्र. मी तुझ्या सभेला येणार नाही, नवसाबाईही येणार नाहीत. पत्रिकेतून आमची नावं काढून टाक. येत्या रविवारी, तेरा तारखेला, आम्ही भागीबाईंना घेऊन गडावर जातोय. सकाळी दहा वाजता देवीच्या पहिल्या पायरीशी असू. तुझी सभाही त्याच वेळेला आहे, मला माहीत आहे. त्यांना दिसत नाही आणि चढवत नाही, नवसाबाईंचे गुडघे गेलेत, आणि माझा पाय माझंच वजन कसंबसं पेलतो. पावसाने पायऱ्या निसरड्या असतील. त्यांना पाठीवर घेऊन वर न्यायला दोन धड पायांचं माणूस हवंय. गावातलं कोणीही मिळेल, पण मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. हार आणू नकोस, माईकवाल्याला आणू नकोस. त्यांचं वजन फार नाही, परवा मी उठवून बसवलं तेव्हा कळलं. वाटेत त्या तुला विचारतील तू कोण, तेव्हा खरं खरं सांग. साडेदहापर्यंत वाट बघेन.

तुझाच, निदान रविवारपर्यंत,
सावळीराम